आतड्यात आतडं शिरतं तेव्हा



आज आम्ही लहान बाळांच्या पोटाच्या एका दुखण्याबद्दल बोलणार आहोत. डॉक्टर त्याला इंटससेप्शन म्हणतात. नाव अवघड आहे. आमच्या गटातल्या बायकांना ते नीट म्हणता यायला तीन बैठका लागल्या आणि अजूनही दोघीजणी त्याला 'इंटरसेक्शन' म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. 'आतड्यात आतडं शिरलं' एवढं म्हणालात तरी डॉक्टरांना कळतं.

हा विषय आमच्याकडे आला तो आमच्याच गटातल्या एका ताईंच्या नातवामुळे. त्या म्हणाल्या, "माझं नाव नका घेऊ, पण झालं ते सगळं सांगा. कुणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून सांगतो.

बाळ आठ महिन्यांचं, गुटगुटीत, नुकतंच बसायला लागलेलं. आठवडाभरापूर्वी थोडी सर्दी झाली होती, ती बरीही झाली होती. एका संध्याकाळी खेळता खेळता बाळाने एकदम किंकाळी फोडली. दोन्ही पाय पोटाशी घेतले, तोंड लाल झालं, मुठी आवळल्या. आईने उचललं, आजीने बेंबीभोवती हिंग लावला. दोन-तीन मिनिटांत रडणं थांबलं. बाळ जरा दमल्यासारखं झालं, पण नंतर हसलंही. सगळ्यांना वाटलं, गॅस होता, गेला. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तशीच किंकाळी. पुन्हा पाय पोटाशी. पुन्हा शांत. रात्रभर हे असंच चाललं. दूध पाजलं की उलटी होत होती. आजीने मीठ-मोहरी ओवाळली. सकाळी पोट बसवणाऱ्या बाईकडे नेलं. तिने 'बेंबी सरकली' म्हणून तेल लावून पोट चोळलं. दुपारी गावातल्या दवाखान्यातून गॅसचं औषध आणलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंगोटात लाल चिकट काहीतरी दिसलं. सगळे म्हणाले, आव पडली. आवेचं औषध सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे बाळाचं रडणं बंद झालं आणि ते झोपून राहिलं. सुनेला चैन पडेना. ती म्हणाली, "आत्या, हे उठतच नाही हो." ताई म्हणाल्या, "दोन रात्री जागलंय, झोपू दे त्याला." हे वाक्य सांगताना त्या आमच्या बैठकीत रडल्या. ती झोप नव्हती, ग्लानी होती. तालुक्याला गेले, तिथून जिल्ह्याला पाठवलं. ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापून काढावं लागलं. बाळ वाचलं, पण थोडक्यात.

त्या घरात कुणी हयगय केली नव्हती. आजी जागी होती, आई जागी होती, पैसे खर्च झाले होते, दोन ठिकाणी दाखवूनही झालं होतं. फसवलं ते मधल्या शांततेने. बाळ दर वेळी शांत व्हायचं, आणि दर वेळी घराला वाटायचं की आता बरं वाटतंय. आमची आजची सगळी बडबड या एका गोष्टीसाठी आहे.

आता आत काय घडतं ते पाहू. तुमच्यातल्या काहीजणी हा कार्यक्रम जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असतील. त्याची एरियल बघा. लांब ओढलेली असते आणि बंद करताना एक कांडी दुसऱ्या कांडीत सरकत जाते. आतडं असंच आपल्याच पुढच्या भागात सरकतं. किंवा बाळाच्या स्वेटरची बाही घ्या, मधोमध चिमटीत धरा आणि वरचा भाग खालच्या भागात ढकला. बाहीची तीन पदरी घडी होते आणि आतून बोट घालायला जागा उरत नाही. आतड्याची वाट तशीच बंद होते. बहुतेक बाळांत हे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला सुरू होतं, जिथे लहान आतडं संपून मोठ्या आतड्याला मिळतं. लहान आतड्याचं टोक मोठ्या आतड्यात शिरतं आणि आतडं अन्न पुढे ढकलायला जसं आवळतं-सैल होतं, तसं ते टोक आणखी पुढे पुढे ओढलं जातं.

बाळाची किंकाळी याच आवळण्याची असते. आतडं जोर करतं तेव्हा कळ येते, आतडं सैल पडलं की कळ थांबते. म्हणून रडणं लाटांसारखं येतं. मधे बाळ शांत असतं म्हणजे आतडं सुटलेलं असतं असं नाही. ते अडकलेलंच असतं, फक्त त्या मिनिटाला दुखत नसतं.

आता यातला धोका. आतड्याला साडीच्या निरीसारखा एक पातळ पडदा लागलेला असतो आणि त्या पडद्यातूनच आतड्याला रक्त मिळतं. आतडं आत शिरतं तेव्हा हा पडदाही त्याच्याबरोबर आत ओढला जातो आणि चिमटतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा मऊ असतात, त्या आधी दबतात. रक्त आत येतं पण बाहेर जात नाही, म्हणून आतडं सुजतं. सुजलेल्या आतड्यातून रक्त आणि चिकट स्राव झिरपतो. शौचातून येणारा लाल चिकटपणा तोच. सूज आणखी वाढली की रक्त आत येणंही बंद होतं. मग तो भाग काळा पडून मरतो, त्याला भोक पडू शकतं, आतली घाण पोटभर पसरते. हे सगळं एक-दोन दिवसांत होऊ शकतं. उपचारच झाले नाहीत तर बहुतेक बाळं काही दिवसांत दगावतात. आणि वेळेत उपचार मिळाले तर जवळजवळ सगळी बाळं पूर्ण बरी होतात. दुखणं तेच, फरक फक्त तासांचा.

हे कुणाला होतं? जास्त करून तीन महिने ते तीन वर्षं या वयात, आणि त्यातही चार-पाच महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळांना. मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त. अशक्त, कुपोषित बाळालाच होतं असं अजिबात नाही. बहुतेक वेळा चांगलं धष्टपुष्ट, हसतंखेळतं बाळच असतं. त्यामुळेच 'दृष्ट लागली' हे लगेच पटतं. मीठ-मोहरी ओवाळायला दोन मिनिटं लागतात, त्याला आमची ना नाही. ओवाळा आणि गाडीत बसा.

कारण विचाराल तर बहुतेक बाळांत एकच एक कारण सापडत नाही. आतड्याच्या आतल्या अंगाला छोट्या गाठींसारखे ठिपके असतात, ते रोगजंतूंशी लढतात. सर्दी-खोकला किंवा जुलाब होऊन गेले की हे ठिपके सुजतात. सुजलेला ठिपका आतड्याच्या पोकळीत पुढे येतो आणि आतडं त्याला अन्नाचा गोळा समजून पुढे ढकलायला लागतं. त्याच्याबरोबर आतडंही ओढलं जातं. आपल्या ताईंच्या नातवाला आधी सर्दी होती, ते असं. तीन-चार वर्षांपेक्षा मोठ्या मुलांत मात्र कधी आतड्यात जन्मापासून असलेली छोटी पिशवी, कधी मोड, क्वचित गाठ असं कारण निघतं, म्हणून त्यांच्यात डॉक्टर कारण शोधतात. मोठ्या माणसांना हे क्वचितच होतं आणि झालं तर बहुधा ऑपरेशनच करावं लागतं.

इथे सुनांच्या बाजूने एक बोलायचं आहे. हे दुखणं नेमकं त्या वयात येतं ज्या वयात आपण बाळाला वरचं अन्न सुरू करतो. मग घरात पहिला प्रश्न आईलाच. तू काय भरवलंस? तू काय खाल्लंस की दुधातून गेलं? नाचणीची पेज भरवल्याने किंवा आईने वांगं खाल्ल्याने आतडं आतड्यात शिरत नाही. बाळ पडलं, उंच उडवलं, कुणी चुकीचं उचललं, यानेही नाही. ताईंच्या सुनेला दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन नातेवाईक बायकांनी हेच ऐकवलं. ज्या आईने 'हे उठत नाही' हे आधी ओळखलं, तिलाच. आम्हाला याचा राग येतो.

आता लक्षणं, जरा सावकाश, कारण खरी गरज याची आहे.

सगळ्यांत आधी येतं ते रडणं, आणि ते रोजच्या रडण्यासारखं नसतं. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं, लंगोट ओला झाल्याचं रडणं आपण ओळखतो. हे अचानक येतं, किंकाळीसारखं. बाळ पाय पोटाशी ओढतं, कधी पांढरंफटक पडतं. काही मिनिटांत थांबतं. मग पंधरा-वीस मिनिटांनी परत. जसजसा वेळ जातो तसतशा कळा जवळ जवळ येतात. आपण सगळ्या बाळंत झालेल्या बाया आहोत, कळा कशा येतात-जातात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाळाला तशा कळा येताहेत का, हे बघा. आणि घड्याळ बघा. कागद नसेल तर बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा: सात वाजता, सव्वासातला, सात पस्तीसला. हे पान डॉक्टरांना दाखवलं तर अर्धी गोष्ट त्यांना तिथेच कळते. घरात साधा कॅमेऱ्याचा फोन असेल तर एका कळेचं चित्रण करून ठेवा. दवाखान्यात पोचल्यावर बाळ नेमकं शांत असतं आणि डॉक्टरांना वाटतं, आई घाबरट आहे.

दुसरं लक्षण उलटी. आधी दुधाची, मग हिरवी किंवा हिरवट पिवळी. हिरवी उलटी म्हणजे पित्त. पुढची वाट बंद असली की ते उलटं वर येतं. हे वाक्य जपून ठेवा: लहान बाळाला हिरवी उलटी झाली की दिवस असो की रात्र, त्याच वेळी दवाखाना. कारण आतड्यात आतडं असो की दुसरं काही, हिरवी उलटी घरी थांबण्याची गोष्ट नाही.

तिसरं शौच. सुरुवातीला शौच साधी असू शकते किंवा होतच नाही. रक्त आणि आव नंतर येते. डॉक्टरांच्या पुस्तकात त्या शौचाला एका विलायती फळाच्या जेलीची उपमा दिलेली असते. ते फळ आपण कुणी पाहिलेलं नाही. आमच्या गटातल्या आजींनी बरोबर उपमा शोधली. केस धुवायला आपण लाल जास्वंदीची फुलं पाण्यात चोळतो, तेव्हा जो बुळबुळीत गडद लाल रस होतो, तसं. पण एक लक्षात घ्या, हे लक्षण उशिराचं आहे आणि बऱ्याच बाळांत ते दिसतच नाही. रक्त दिसायची वाट बघत बसू नका.

आणि चौथं, मलूलपणा. बाळ गळून जातं, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर बघत नाही, अंगावर घेतलं तर ओढत नाही. काही बाळांत तर रडणं फारसं होतच नाही, हा मलूलपणाच पहिल्यांदा दिसतो. दोन रात्री न झोपलेलं बाळ झोपलं तर ते हलवल्यावर कुरकुरतं, तोंड वाकडं करतं. कुरकुर करायचीही ताकद नसेल तर ती झोप नाही.

आता आव आणि हे, यात घोटाळा होतो. आवेत बाळाला वारंवार शौच होते, थोडी थोडी, बहुधा ताप असतो, आणि शौच सुरू झाल्यावर पोट दुखतं. इथे बहुधा उलट असतं. आधी कळा आणि उलट्या, शौच कमी किंवा बंद, ताप सुरुवातीला बहुधा नाही, आणि रक्त नंतर. हा फरक उपयोगी आहे, पण घरी बसून निकाल द्यायला पुरेसा नाही. बाळाच्या शौचात रक्त दिसलं तर डॉक्टरांना दाखवायचंच. लंगोट धुऊन टाकू नका, पिशवीत घालून बरोबर न्या. लाज कसली त्यात.

घरगुती उपायांबद्दल थोडं कडू बोलावं लागेल. हिंग लावणं, ओव्याची पुरचुंडी दुरून शेकणं, याने मोठं नुकसान नाही, फक्त वेळ जातो. पण पोट चोळणं नको. आत सुजलेलं, नाजूक झालेलं आतडं असतं, त्यावर अंगठ्याने दाब द्यायचा म्हणजे फाटायला आमंत्रण. काही भागांत अजूनही बाळाच्या पोटावर चटके देतात. त्याने आतडं सुटत नाही, जखम मात्र आयुष्यभर राहते. बाळघुटीत मुरडशेंग उगाळतात. शेंग पिळाची, म्हणून पोटातला पीळ सुटतो अशी जुनी समजूत. शेंगेचा पीळ आणि आतड्याचा अडकाव यांचा काही संबंध नाही. मेडिकलमधून विचारून आणलेलं जुलाब बंद करायचं औषध तर अजिबात नको, आणि घरी साबणाच्या पाण्याची पिचकारीही नको. पिचकारीचं मुद्दाम सांगतो, कारण पुढे दवाखान्यातल्या एनिमाबद्दल ऐकून कुणीतरी म्हणेल की हे तर घरीही करता येतं.

हिरव्या उलट्या होत असतील तर बाळाला तोंडाने काही देऊ नका, अंगावरही पाजू नका. आईला हे फार जड जातं, आम्हाला ठाऊक आहे. पण पुढे वाट बंद आहे, आत गेलेलं सगळं परत येणार, आणि ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. १०८ ची गाडी बोलावली तर तिच्यात डॉक्टर असतात, वाट लांबची असेल तर त्यांनाच विचारा. साध्या जुलाबात मात्र अंगावर पाजणं आणि ओआरएस चालूच ठेवायचं असतं, त्याची आणि याची गल्लत करू नका.

दवाखान्यात डॉक्टर आधी पोट हाताने तपासतात. कधी कधी पोटाच्या उजव्या वरच्या बाजूला छोट्या काकडीएवढा लांबट गोळा लागतो. लागला नाही तरी शंका असेल तर सोनोग्राफी करतात. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोटुशी बाई डोळ्यांपुढे येते. ताईंच्या घरातल्या एका काकांनी तर दवाखान्यात विचारलं, "मुलाची कशाला सोनोग्राफी?" या दुखण्याची ती सगळ्यांत चांगली तपासणी आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, पोटावर थंड जेल लावून एक यंत्र फिरवतात, दुखत नाही. आतड्यात आतडं असेल तर पडद्यावर गोल कडी दिसतात, हातात मोठ्या मापाच्या बांगडीच्या आत लहान मापाची बांगडी ठेवावी तशी. सराव असलेल्या डॉक्टरांच्या हातून ही खूण क्वचितच सुटते. कधी एक्स-रेही काढतात, आतडं तुंबलंय का, भोक पडलंय का हे बघायला.

प्राथमिक आरोग्य केंद्रात या सोयी नसतात, हा तिथल्या डॉक्टरांचा दोष नाही. पण तिथून पुढे जाताना एक प्रश्न विचारा: "जिथे आत्ता सोनोग्राफी होईल आणि बाळाचं ऑपरेशनही करतील, असं ठिकाण कोणतं? तिथेच पाठवा." आधी एका ठिकाणी सोनोग्राफी, मग दुसऱ्या ठिकाणी सर्जन, मग तिसऱ्या ठिकाणी खाट, यात रात्र जाते. निघण्याआधी तिथे फोन करायला सांगा आणि चिठ्ठी घ्या.

उपचाराला सुरुवात सलाइनने होते, कारण उलट्यांनी बाळ सुकलेलं असतं. नाकातून बारीक नळी पोटात घालतात, ती बघून आया घाबरतात. तुंबलेलं पाणी आणि हवा त्यातून बाहेर काढायची असते, त्याने बाळाला बरंच वाटतं. मग, पोटात भोक पडलेलं नसेल आणि बाळ तब्येतीने स्थिर असेल, तर ऑपरेशन न करता आतडं सोडवायचा प्रयत्न होतो. शौचाच्या जागेतून नळी घालून हवा किंवा सलाइनचं पाणी मोजून दाबाने आत सोडतात. मोठ्या आतड्यातून तो दाब मागे मागे जातो आणि आत शिरलेलं टोक आलं त्या वाटेने परत ढकलतो. सोनोग्राफीच्या किंवा एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत हे करतात, म्हणून ते घरी करण्यासारखं नाही. शंभरात एखाद्या बाळाला किंवा त्याहूनही कमी बाळांना यात आतडं फाटण्याचा धोका असतो. म्हणून सर्जन जवळपास असतात. वेळेत आलेल्या दहा बाळांपैकी साधारण आठ बाळं याच उपायाने सुटतात, पोटावर एक टाका न पडता. आतडं सुटलं की बाळ काही वेळातच शांत झोपतं. ही झोप खरी.

दहातल्या एखाद्या बाळात सुटलेलं आतडं पुन्हा शिरतं, आणि तसं झालं तर बरेचदा पहिल्या एक-दोन दिवसांतच. म्हणून बाळ हसायला लागलं तरी डॉक्टर लगेच घरी सोडत नाहीत. 'आता बरं आहे, बिल कशाला वाढवायचं' म्हणून सही करून निघू नका. घरी आल्यावरही तशाच कळा दिसल्या तर त्याच दवाखान्यात परत जा. पुन्हा झालं तरी बहुतेक वेळा त्याच उपायाने सुटतं.

हवा-पाण्याने सुटलं नाही, किंवा बाळ फार उशिरा आलं, पोट कडक झालं, तर ऑपरेशन. सर्जन शिरलेलं आतडं ओढून काढत नाहीत, ओढलं तर फाटेल. परकराच्या नेफ्यात नाडीचं टोक अडकलं की आपण बाहेरून बोटांनी दाबत दाबत ते सरकवतो ना, तसं पुढच्या टोकाकडून हलके हलके मागे ढकलतात. सुटलेलं आतडं गुलाबी झालं तर तसंच ठेवतात. काळंच राहिलं तर तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडतात. बाळाचं आतडं लांब असतं, वीतभर गेल्याने पुढे खाण्यापिण्यात किंवा वाढीत बहुधा काही अडत नाही. हे ऑपरेशन आज नेहमीचं झालं आहे. १८७१ साली लंडनचे सर्जन जोनाथन हचिन्सन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचं आतडं असं पोट उघडून सोडवलं आणि ती जगली, तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. त्या काळी हे दुखणं झालेली बहुतेक बाळं वाचत नसत.

खर्चाचं काय? एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्या तासातच गाठा. रेशनकार्ड आणि आधार पिशवीत ठेवा, पण कार्ड सापडत नाही म्हणून घरी थांबू नका. ते मागून कुणीही आणून देईल.

आता एक प्रश्न, जो आमच्या बैठकीत लसीकरणाच्या दिवसानंतर हमखास येतो. रोटाव्हायरसच्या लसीने हे होतं का? प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये या रोगाची पहिली लस आली. तिच्यामुळे साधारण दहा हजारांत एका बाळाला आतड्यात आतडं शिरत असल्याचं दिसलं आणि १९९९ मध्ये ती बंद केली. आज आपल्या बाळांना ती लस मिळत नाही. आपल्याकडे हैदराबादला आणि पुण्याला बनलेल्या वेगळ्या लसी आहेत. २०१६ मध्ये चार राज्यांत सुरुवात झाली, २०१९ मध्ये महाराष्ट्रात आली. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडातून देतात. लस सुरू झाल्यावर आपल्या देशात अनेक रुग्णालयांत अशी बाळं मोजून पाहिली, तेव्हा लसीमुळे हे दुखणं वाढल्याचं आढळलं नाही. उलट रोटाव्हायरसच्या जुलाबांनी दवाखान्यात न्यावी लागणारी बाळं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून लस टाळू नका आणि वेळेवर द्या. ज्या बाळाला हे दुखणं आधी होऊन गेलं आहे त्याच्या बाबतीत मात्र नर्सताईंना तसं सांगा, त्याला ही लस देत नाहीत.

ताईंच्या नातवानंतर आमच्या गटाने एक ठराव केला. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आजारपणासाठी मासिक बैठकीची वाट न बघता अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीने पैसे द्यायचे, आणि कर्जाचा अर्ज नंतर लिहायचा. हातात रोख राहावी म्हणून थोडी रक्कम सचिवांच्या घरी पेटीत असते. दोघींनी खळखळ केली होती की पैसा परत येईल का. आजपर्यंत तो चार वेळा निघाला, चारही वेळा परत आला. रात्री गाडी काढणाऱ्या दोन घरांचे नंबर आम्ही अंगणवाडीच्या भिंतीवर १०८ च्या खाली लिहिले आहेत.

त्या चारांतलं एक बाळ गेल्या पावसाळ्यातलं, सहा महिन्यांची मुलगी. संध्याकाळी पाचला पहिली किंकाळी, सहाला तिच्या आजीने वहीच्या मागच्या पानावर चार वेळा लिहून काढल्या आणि थेट आमच्या ताईंना फोन लावला. "आक्का, मधे गप होतंय गं," एवढंच बोलली. ताई म्हणाल्या, "गप होतंय म्हणूनच नीघ." रात्री साडेदहाला सोनोग्राफी झाली, मध्यरात्रीच्या आधी पाण्याने आतडं सुटलं. तिसऱ्या दिवशी घरी आली. तिच्या आईने पेटीतले पैसे दोन हप्त्यांत फेडले.